बरणीतला कोष

१२ मे १९५२

लोरेत विचारते, सुरुवात कशी करू. मी म्हटलं, तारीख टाक आणि मी सांगते तसं लिहीत जा, पदरचं काही घालू नकोस. लोरेत माझी सून. लग्नाआधी गावच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे माझं बोलणं दुरुस्त करायची तिला फार हौस. मला अक्षरओळख नाही. सही म्हणून मी फुली मारते. चौऱ्याहत्तर वर्षांची झाले तरी माझी, एक्झिल्दाची, फुली अजून सरळ येते, हे आधी लिहून ठेव.

वही उघडायचं कारण असं. काल लाकडाचा व्यापारी आला होता. मोठी टोपी, लहान डोळे. त्याला माझं मेपलचं बन हवंय. बन माझ्या नावावर आहे, माझ्या नवऱ्याने, दोझितेने, जाताना तसं करून ठेवलं. चारशे झाडं आहेत. त्यांच्या रसाची साखर खाऊन माझी सहा पोरं वाढली. पण दोन वर्षं झाली, जून आला की सुरवंट येतात आणि बन बोडकं करून जातात. या मार्चला रस उकळत ठेवला तर पाणीच जास्त. व्यापारी म्हणतो, तिसऱ्या वर्षीही पानं गेली तर झाडं मरतील, आणि मेलेल्या झाडाचं लाकूड आतून काळं पडतं, तेव्हा जीव आहे तोवर द्या. सव्वीस जुलैला, सेंट अ‍ॅनच्या सणाला, तो कागद घेऊन येणार आणि मी त्यावर फुली मारायची.

मी म्हटलं, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही सुरवंट आले होते आणि आपोआप गेले होते. तर माझा मुलगा अदेलार, लोरेतचा नवरा, म्हणाला, "आई, तुला आठवतं ते वेगळं आणि झालेलं असतं ते वेगळं."

म्हणून वही. यंदा जे दिसेल ते दिसेल त्या दिवशी लिहायचं.

१६ मे

अंडी फुटली. गेल्या जुलैपासून ती डहाळ्यांना अंगठ्यांसारखी चिकटून बसली होती, वरून वार्निश मारल्यासारखी चकचकीत. एवढी थंडी पडली, नदी गोठली, समोरच्या शेजारणीचा, वितालीनचा, नवरा गोठून गेला, ह्यांना काही झालं नाही. कळी उघडायची आणि अंडं फुटायचं, एकाच सकाळी. एकमेकांना निरोप कोण देतं कोण जाणे. केसाएवढे काळे सुरवंट, एका अंगठीत दोनशे तरी असतील. लोरेत म्हणते, मोजू का. मी म्हटलं, मोजून त्यांची नावं ठेवणार आहेस का?

२१ मे

शेतांवर आशीर्वाद मागायची मिरवणूक निघाली. पाद्रीबाबा नवीन आहेत, गोरेपान, पायात शहरी बूट. बनाच्या कडेला उभे राहून त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि सुरवंटांना निघून जायची आज्ञा केली. सुरवंट झाडांवरून रेशमाच्या धाग्यांना लोंबकळत ऐकत होते. दोघेतिघे बाबांच्या खांद्यावर उतरले. वितालीन माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, कबुलीजबाब द्यायला आलेत." मी हसले तर अदेलारने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सहा वर्षांची आहे.

गावात सगळे म्हणतात, मागच्या वेळी सुरवंट गेले ते मिरवणुकीनेच. त्या वर्षी सेंट अ‍ॅनची मूर्ती खांद्यावर घेऊन बनाभोवती फिरवली होती. मीही होते त्यात, एकोणीस वर्षांची, नवी टोपी घालून. मूर्तीपेक्षा टोपीकडेच माझं जास्त लक्ष होतं.

२ जून

आज बनात जाऊन बसले. लोरेतने खुर्ची आणली. ऊन लख्ख पडलंय, आभाळात एक ढग नाही, आणि बनात पाऊस पडतोय. पाऊस म्हणजे त्यांची विष्ठा. वर लाखो तोंडं चावताहेत आणि खाली वाळलेल्या पानांवर टपटप टपटप. डोळे मिटले की झोप येईल असा आवाज. माझ्या टोपीत, मांडीवर, शालीच्या घडीत. लोरेत नाक दाबून उभी. मी म्हटलं, बस गं, देवाने उन्हातला पाऊस रोज कुठे ठेवलाय?

एक सुरवंट बोटावर घेतला. आता बोटाएवढा झालाय, बाजूने निळा, आणि पाठीवर पांढरे ठसे, एकामागे एक. कोणी छोट्या बुटांनी त्याच्या पाठीवरून चालत गेल्यासारखे. दोझिते म्हणायचा, हिवाळा चालून गेलाय त्याच्यावरून. त्याला असलं सुचायचं. कामाच्या वेळी.

लाल मेपलला मात्र ते तोंड लावत नाहीत. शेजारीशेजारी उभी झाडं, एक बोडकं, एक भरगच्च. अदेलारला म्हटलं, बघ, तुझ्यासारखेच आहेत, ताटातलं निवडून खाणारे. तो हसला नाही. हल्ली रोज संध्याकाळी बनात एकटा जातो आणि हात काळे करून येतो. गाडीच्या चाकाला लावायचं वंगण खळ्यातून संपलंय, दुसरा डबा आणला, तोही अर्धा झाला. विचारलं तर म्हणतो चाकं कुरकुरतात. मला तर काही ऐकू येत नाही. विकायची झाडं मोजायला जात असणार, दुसरं काय.

९ जून

पानं संपली. जूनमध्ये बन नोव्हेंबरचं झालं. ऊन थेट जमिनीवर येतं आणि जमिनीला काय करावं ते सुचत नाही, सावलीतली नेचाची पानं करपून गेली. पाखरं गप्प. खोडांवर सुरवंटांचे गालिचे, हात लावला तर सगळा गालिचा एकदम मान हलवतो.

दुपारी खिडकीत डोळा लागला. स्वप्नात मी पानाच्या घडीत गुंडाळलेली होते, उलटी, डोकं खाली. अंधार पण पिवळा. बाहेरून दोझिते बोटाने टकटक करत होता, विचारत होता, झालीस का तयार? मी म्हणत होते, थांब रे, अजून पंख कुठे घातलेत. जाग आली तर लोरेत दार वाजवत होती, सूप आणलं होतं, वाटाण्याचं. सूप चांगलं होतं, पण मला राग आला. त्याचं पुढचं बोलणं राहून गेलं.

१९ जून

सुरवंट कोषात चाललेत. पानं नाहीत म्हणून कुंपणाला, घराच्या पन्हळीला, चर्चच्या दाराला, जिथे आडोसा मिळेल तिथे. पांढरं रेशीम, वर पिवळी भुकटी. वितालीनच्या वाळत घातलेल्या झग्याच्या बाहीत तीन निघाले. ती म्हणाली, कोणीतरी आपल्या घरी राहायला आलं याचं बरं वाटलं.

२२ जून

माश्या आल्या.

घरमाशीपेक्षा मोठ्या, राखाडी, पाठीवर काळे पट्टे. चावत नाहीत. सुस्त असतात, अंगावर येऊन बसतात आणि हाकललं तरी जाग्यावर येतात. रविवारच्या प्रार्थनेत बाबांचा पांढरा झगा राखाडी दिसत होता. इथे सगळ्यांना माहीत आहे त्या कशाच्या माश्या ते. मढ्याच्या. झाड मेलं की त्याचा वास त्यांना लागतो. म्हाताऱ्या बायका क्रूसाची खूण करतात, गंधक जाळतात, चिकट कागद टांगतात. आमच्या स्वयंपाकघरात लोरेतने चार टांगलेत, कालच्या एका दिवसात चारही काळे.

जेवताना अदेलार म्हणाला, "आता काय राहिलं, आई? माश्या आल्या म्हणजे झालं." बोलताना पावाचा तुकडा हातात तसाच होता. खाल्ला नाही त्याने.

२३ जून

लोरेत, हे लिहू नकोस. मी नुसतं सांगते.

लिहितेच आहे. बरं, लिही.

मागच्या वेळी माश्या आल्या तेव्हा मी बनात रास्पबेरीची झुडपं बघायला गेले होते, अंगावर लग्नातला पांढरा एप्रन. परत आले तर एप्रन माश्यांनी भरलेला. मी किंचाळत अंगणात आले आणि सासऱ्यांना म्हटलं, बनाला मढ्याचा वास येतोय. वासबीस काही येत नव्हता. घाबरले होते, आणि नव्या नवरीचं सगळे ऐकतात हे मला नुकतंच कळलं होतं. सासरे तोवर दोन मनांत होते. माझा एप्रन बघितला आणि त्यांचं एक मन झालं. दगडी बांधाच्या वरचं सगळं बन त्यांनी त्या उन्हाळ्यात तोडलं. तीनशे झाडं. खालचं पुढल्या उन्हाळ्यात तोडायचं होतं, पण त्याआधी वसंत आला आणि सुरवंट आलेच नाहीत. सगळे म्हणाले, सेंट अ‍ॅन पावली. मग ती वरच्या तीनशे झाडांना का पावली नाही, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

दोझिते मला कधी काही बोलला नाही. पण चाळीस वर्षं तो त्या बांधापर्यंत जायचा आणि तिथून परत फिरायचा. वर आता बटाटे असतात. मी ते बटाटे खाते आणि चव लागत नाही, मीठ कितीही घाला.

२४ जून

कुंपणावरचा एक कोष काढून मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. खाली थोडी माती, एक काटकी, वर फडकं. खिडकीत ठेवलाय, माझ्या खुर्चीशेजारी. पतंग बाहेर येताना एकदा बघायचाय. एवढं नुकसान करणारा जीव पंख घालून कसा दिसतो, ते जवळून बघितल्याशिवाय त्याला शिव्या देणं बरं नाही. लोरेत म्हणते, "आई, तुम्ही त्याच्याशी बोलता." बोलते. तो तुझ्यासारखा दुरुस्त्या करत नाही.

३० जून

बरणी शांत. झाडांनी मात्र नवी पानं काढायला घेतलीत, बाळाच्या हाताएवढी, फिकी. दुसऱ्यांदा. मला वाटतं झाडालासुद्धा कुठेतरी वाटत असेल, राहू दे आता. पण काढतात.

माझी दिवसभर तंद्री लागते. बरणीतला तो आत विरघळतोय, पाय नाहीत, तोंड नाही, नुसतं दूध, आणि त्या दुधातून पंख होणार. मी म्हातारी झाले तेव्हा असं काही झालं नाही. मी आहे तशीच राहिले, फक्त आटले.

४ जुलै

पतंग आला नाही. सकाळी बघते तर कोषाला बारीक भोक, आणि त्यातून पांढऱ्या अळ्या बाहेर पडताहेत. तीन. जाड्या, बिनपायाच्या, मांसात पडतात तशा. काटकीवरून खाली आल्या आणि मातीत शिरल्या. मला रडू आलं, खरं सांगते. मला वाटलं माझ्याजवळ ठेवला म्हणून सडला. काल त्याच्याशी बोलले होते ना.

लोरेतने कोष उघडला. आत सुरवंटाचं काही उरलं नव्हतं, नुसतं टरफल.

५ जुलै

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. बरणीवर फडकं होतं. बांधलेलं. म्हणजे अळ्या बाहेरून आल्या नाहीत, कोषाबरोबरच आल्या. मग कोष कुंपणावर होता तेव्हा त्याच्यावर काय बसत होतं?

सकाळी लोरेतला हाताला धरून कुंपणाशी नेलं. माशी काय करते एवढं बारीक मला आता दिसत नाही, म्हणून डोळे तिचे. कुंपणावर शेवटची एक राखाडी माशी होती, कोषावर, आपल्या घरात असल्यासारखी. मी म्हटलं, हाकलू नकोस, बघ काय करते. लोरेत वाकली. मग तिने सांगितलं, माशीने शेपटाकडून काहीतरी ठेवलं, अंडं नव्हे, हलत होतं.

आम्ही दोघी कुंपणावरचे दहा कोष काढून पायरीवर बसलो आणि एकेक फाडला. आठांत अळ्या, नाहीतर अळ्यांनी सोडलेलं टरफल. दोनच धड.

मी तिथेच बसून राहिले. त्या मढ्याच्या माश्या नव्हत्याच. किंवा होत्या, पण मढं झाडांचं नव्हतं.

लोरेतने न सांगता स्वयंपाकघरातले चिकट कागद काढून चुलीत टाकले.

६ जुलै

अदेलारला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आई, अंगणातलं कुंपण म्हणजे बन नव्हे. दहा कोषांवर चारशे झाडं पणाला लावायची?" बरोबर बोलला. त्याचं बरोबर असतं तेव्हा मला जास्त राग येतो.

चर्चहून आल्यावर तो न जेवता बनात गेला. संध्याकाळी परत आला, कोपरापर्यंत हात कोषांच्या भुकटीने पिवळे. दारातच उभा राहिला. "शंभर फाडले," म्हणाला. "चौऱ्याऐंशी." आणि हात धुवायला गेला. बराच वेळ धूत होता.

१३ जुलै

कोषांतून वाचलेले पतंग निघाले. गेल्या वर्षी अंधार पडायच्या वेळी ओसरीवर कंदील लावला की काच दिसेनाशी व्हायची, सूप झाकून प्यावं लागे. आज तिन्हीसांजेला कंदील लावून आम्ही तिघं बसलो. पाच आले. पिवळट तपकिरी, पंखांवर दोन गडद रेघा, जणू लोरेतने पट्टीने मारलेल्या. त्यांना खायला तोंड नसतं म्हणतात. चार-पाच दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, डहाळीला अंगठी घालायची आणि मरायचं. एक माझ्या बाहीवर बसला. उबदार, केसाळ. मी म्हटलं, तुझ्यासाठीच बरणी ठेवली होती रे, उशीर केलास.

अदेलारने त्याला मारलं नाही. हात उचलला होता, पण खाली घेतला.

२५ जुलै

उद्या कागद येणार. भीती वाटते, उगाच कशाला खोटं सांगू. माझी फुली नाही पडली आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा अंगठ्या फुटल्या, तर लाकूडही गेलं, साखरही गेली, आणि अदेलारच्या हातात काय राहील? माझं म्हातारीचं काय, मी एका हिवाळ्याची. एकदा मी माश्या बघून तीनशे झाडं घालवली. आता माश्या बघूनच चारशे राखायला निघालेय. दोन्ही वेळा मला तेवढीच खात्री. हे लिही, लोरेत, नीट लिही.

२६ जुलै

व्यापारी आला. टोपी काढली, कागद पसरला, पेन माझ्या हातात दिलं, फुली कुठे मारायची तिथे बोट ठेवलं. नखं स्वच्छ होती त्याची. मी अदेलारकडे पाहिलं. म्हटलं, "बन माझ्या नावावर आहे, पण पुढची चाळीस वर्षं तुझी आहेत. तू सांग."

अदेलार खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "यंदा सणाला बटाटे नकोत, आई. मला त्यांची चव लागत नाही."

एवढंच. मी त्याला ती एप्रनची गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्याला कसं कळलं, ते लोरेतला विचारलं तर ती म्हणते, लिहिते आहे, मधे बोलू नका.

पेन मी व्यापाऱ्याला परत दिलं. तो म्हणाला, पुढल्या वर्षी याल माझ्याकडे तेव्हा हा भाव मिळणार नाही. मी म्हटलं, पुढल्या वर्षी आलास तर बर्फावर ओतलेला पाक खायला घालीन, मार्चमध्ये ये. जाताना टोपी विसरला. अदेलार मागे धावत गेला द्यायला.

२ फेब्रुवारी १९५३

अदेलारने बनातून डहाळ्या आणल्या, वरच्या टोकाच्या. शिडी बर्फात रोवून, वेडा. मी सगळ्या डहाळ्यांवर बोट फिरवून पाहिलं, आंधळ्यासारखं. एकच अंगठी लागली. गेल्या वर्षी एका डहाळीला चार असायच्या. ती डहाळी पाण्यात घालून खिडकीत ठेवलीय, बरणीच्या जागी. बरणी आम्ही गेल्या शरदातच झाडाखाली रिकामी केली, मातीसकट. आत त्या तीन अळ्यांचे तीन तपकिरी दाणे होते, निजलेले. त्यांचं घर बाहेर.

३ एप्रिल

यंदा रसासाठी झाडांना भोकं पाडली नाहीत. अदेलारच म्हणाला, उपाशी आहेत, राहू द्या एक वर्ष. मेलेली एकतीस निघाली. पुढल्या हंगामात बाकीच्यांचा रस उकळायला त्यांचंच सरपण. वितालीनने स्वतःची गेल्या वर्षीची साखर आणून दिली, वर म्हणाली, परत द्यायची आहे हं, व्याजासकट, म्हणजे गप्पांसकट.

३ जून १९५३

आज मला बनात नेलं. एका बाजूने अदेलार, एका बाजूने लोरेत, लग्नात नेतात तशी. खुर्ची दगडी बांधाशी ठेवली.

पानं होती. इतकी होती की ऊन हिरवं होऊन खाली येत होतं आणि माझे हातही हिरवे दिसत होते. मी डोळे मिटून त्या पावसाची वाट पाहिली. पडला नाही. कुठेतरी वर एखादा सुरवंट असेल, त्यालाही जगायचंय. पण आवाज नव्हता. नुसता वारा. आणि वाऱ्यात कोणीतरी बोटाने टकटक करतंय असं वाटलं, पण सुतार पक्षी होता.

बांधाजवळच्या सगळ्या खोडांना कमरेएवढ्या उंचीवर काळे पट्टे आहेत, चिकट, जुने, त्यात वाळलेले सुरवंट अजून अडकलेले. मी विचारलं, हे काय. अदेलार म्हणाला, काही नाही, वंगण. आणि झाडामागे गेला. त्याचा बापही असाच, चांगलं काही केलं की बनात लपायचा.

मग माशी आली. राखाडी, पट्ट्यांची. एकटीच. माझ्या एप्रनवर बसली. लोरेतने हात उचलला, मी तिचा हात धरला. माशी थोडा वेळ बसली, पाय चोळले, इकडे तिकडे पाहिलं. तिला माझ्याशी काही घेणं नव्हतं. छप्पन्न वर्षांपूर्वीही नव्हतं.

बांधापलीकडे बटाट्याच्या शेतात, अदेलारने दाखवलं, मेपलची रोपं लावलीत त्याने. दोन पानांची. मी ती मोठी झालेली बघणार नाही. सुरवंट बघतील, माश्या बघतील.

आता वही इकडे दे, लोरेत. पेनही. कुठे मारायची ते दाखवू नकोस, मला माहीत आहे.

×